गावठी बैलाची वंशावळ

पावसाळा मध्यावर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिखलातल्या नांगरणी स्पर्धा सुरू होतात. एखादा लांबट कुणगा, म्हणजे भातखाचर, निवडतात, पाणी अडवून आधीच चिखल करून ठेवतात, मेरांवर, म्हणजे बांधांवर, छत्र्या घेऊन माणसं दाटीने उभी राहतात. जोडी सुटली की नांगर धरणारा धावतो कमी आणि ओढला जातो जास्त. पण त्याआधी, नावनोंदणीच्या टेबलावर, एक प्रश्न हमखास येतो: गावठी की घाटी? दोन गट, दोन वेगळी बक्षिसं. घाटी म्हणजे घाटावरून विकत आणलेला, बहुधा खिल्लार अंगाचा, उंच, लांब पायांचा. गावठी म्हणजे इथल्याच गाईचा, बुटका, गोल बांध्याचा, तांबूस नाहीतर काळा. टेबलावरचा माणूस दाखला मागत नाही. बैलाकडे एकदा बघतो आणि लिहून टाकतो.

ओढकामाच्या जनावराची सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेली वंशावळ ती एवढीच. बाप कोण, आई कोण, आजा कुठल्या वाडीतला, हे कुठेही लिहिलेलं नसतं. इंग्रजी अमलात जगातल्या कितीतरी शेतीप्रधान जिल्ह्यांत ओढीच्या जनावरांच्या वंशावळी छापील पुस्तकांत बसत होत्या. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सावंतवाडी संस्थान असा विभागलेला होता, आणि तोही त्याच अमलाखाली होता. मग इथे तसं काही का घडलं नाही, आणि घडलं नाही म्हणून काय बिघडलं, हा या लेखाचा विषय.

आधी ती पुस्तकं का निघाली ते पाहू. स्कॉटलंडमध्ये क्लाइड्सडेल घोड्यांची संस्था १८७७ साली निघाली. पुढच्याच वर्षी इंग्लंडात गाडीच्या घोड्यांची संस्था झाली आणि १८८४ला तिने ‘शायर’ हे नाव घेतलं. सफोक घोड्यांच्या वंशावळीचा पहिला खंड १८८०चा. आजचा प्रत्येक सफोक घोडा नराच्या बाजूने १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्यापर्यंत नेता येतो, इतकी ती नोंद पक्की आहे. हा नुसता हौसेचा कारभार नव्हता. घोडा तयार होत होता एका गावात आणि विकला जात होता अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये. बाप न पाहिलेल्या गिऱ्हाईकाला कागदच दाखवावा लागतो. वसाहतींत जमीन अफाट, मजूर महाग, नांगर लोखंडी आणि खोल जाणारा. एका माणसाने चार-सहा घोड्यांच्या बळावर गव्हाची जमीन उलथायची, हा तिथला हिशेब. हंगामात जातिवंत घोडा घेऊन मोतद्दार शेतोशेती फिरायचा, घोड्याची छापील माहिती आधीच गावात लागलेली असायची. थोडक्यात, दूरचं गिऱ्हाईक, महाग माणूस आणि फिरता नर या तिघांनी मिळून ती वही लिहून घेतली.

हिंदुस्थानात सरकारला घोडा हवा होता तो लष्करासाठी. शिरूरजवळ आलेगावला कंपनी सरकारने घोड्यांची पैदास करून पाहिली. तो प्रयोग फार टिकला नाही. मुलकी पशुवैद्यक खातं १८९२ साली निघालं, तेव्हा घोड्यांची पैदास हे त्याचं मोठं काम होतं, आणि १९०३ला लष्कराच्या रिमाउंट खात्याने ते आपल्याकडे घेतलं. आपल्याकडचा सरकारी गुरांचा दवाखाना असा मुळात घोड्याच्या पाठीवरून आलेला आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एवढं करूनही घोडे पुरत नव्हतेच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समधून जहाजं भरून घोडे आणले जात, म्हणून त्यांना ‘वेलर’ म्हणत. तोफा ओढायला तेच. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावू लागली तेव्हा कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. १९०५ला ती बंद झाली आणि दोन वर्षांनी विजेची ट्राम आली. ट्राम ओढणारा घोडा मुंबईकराने रोज पाहिला तो एवढी तीस वर्षं. शेतात तो कधी उतरलाच नाही.

देशावरच्या घोड्याचं नशीब त्या मानाने बरं म्हणायचं. मराठी फौजांचं भीमथडी तट्टू शतकभर सरकारदरबारी दुर्लक्षित राहिलं, पण २०२४च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत स्वतंत्र जात म्हणून आलं. मात्र २०१९च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टं मिळून जेमतेम ३ लाख ४० हजार भरली, सात वर्षांत जवळजवळ निम्म्यावर. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखांच्या बोली लागतात त्या चालीच्या आणि रुबाबाच्या. ओढीची किंमत तिथे कुणी विचारत नाही.

आता समुद्राकडे वळू. कोकण किनाऱ्याने घोडा पाहिला नाही असं नाही. उलट शेकडो वर्षं घोडा आला तो इथूनच. अरबस्तान आणि इराणचे घोडे चौल, दाभोळ, गोवा इथल्या बंदरांत उतरत. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात आपला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तो विकायला घाट चढून गेला. १५१०ला गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी या व्यापाराच्या नाड्या हातात घेतल्या, कारण विजयनगर आणि विजापूर दोघांनाही घोडे हवे होते. पण या सगळ्या गोष्टींत घोडा किनाऱ्यावर उतरतो आणि लगेच वर जातो. तळकोकण हा त्याचा उंबरठा होता, गोठा नव्हे. शेजारच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत शिमग्याला घोडेमोडणी नाचतात, त्यातला घोडाही लाकूड-कपड्याचा, माणसाच्या कमरेला बांधलेला.

घोडा इथे का राहिला नाही याचं एक उत्तर त्या कमरेतच आहे. दमट मुलखात घोड्याला ‘कमरी’ नावाचा आजार होतो. मागचे पाय लुळे पडतात, कंबर डुलू लागते. कारण आहे एक बारीक जंत. तो मुळात गुरांच्या पोटात राहतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाही. डासामार्फत तो चुकून घोड्याच्या अंगात शिरला की वाट चुकतो आणि मज्जारज्जूत घुसतो. म्हणजे जिथे भातशेती, डास आणि गुरांचा गोठा शेजारी-शेजारी आहेत, तिथे घोडा बांधणं हाच धोका. त्यात सर्रा, गोमाश्या चावून पसरणारा. त्यात चार महिने ओल्यात राहून कुजणारे खूर. आणि या सगळ्याच्या वर वैरण. बैल रवंथ करतो, चार कप्प्यांच्या पोटात भाताचा पेंढा आंबवून त्यातून ताकद काढतो. घोड्याला ते साधत नाही. कामाच्या घोड्याला दाणा लागतो. ज्या जिल्ह्यात माणसाला वर्षभर पेजेपुरते तांदूळ पुरवणं जड, तिथे घोड्याला चणे कोण घालणार? एखाद्या लाटसाहेबाने शायर घोड्यांची जोडी मालवणच्या मळ्यात उतरवली असती तर पहिल्या चिखलणीलाच ती पोटापर्यंत रुतली असती. कल्पना करायला मजा वाटते, एवढंच.

तेव्हा ओढीचं जनावर म्हणजे बैल, आणि खोल चिखलाच्या मळ्यात रेडा. इथेही दोन जगं होती. एक रस्त्याचं. वेंगुर्ला हे एके काळी घाटमाथ्याचं बंदर होतं. बेळगाव-धारवाडकडचा कापूस आणि इतर माल आधी लमाणांच्या तांड्यांत बैलांच्या पाठीवरून उतरे. पुढे आंबोलीचा गाडीरस्ता झाल्यावर गाड्यांतून. हे बैल घाटी: उंच, पायांत पत्री ठोकलेले, कडब्यावर वाढलेले. १८८८च्या सुमारास मुरगावची रेल्वे घाटावरच्या रेल्वेला जोडली गेली आणि वेंगुर्ल्याच्या गाड्यांचा धंदा ओसरू लागला. या बैलांची पैदास इथे होतच नव्हती. ते वरून येत, माल टाकत आणि वर जात. त्यांची जात सांभाळणारे मुलूख वेगळे होते. खिल्लार सांगली-सोलापूर-साताऱ्याचा. आणि कृष्णाकाठच्या काळ्या चिकट जमिनीसाठी सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुद्दाम संकर करून घडवलेला ‘कृष्णा खोरे’ हा अवजड बैल. ओढीसाठी ठरवून घडवलेलं जनावर आपल्या बाजूला दाखवायचं तर हेच. राजाश्रय, काळी जमीन आणि खोल नांगर, तिन्ही तिथे जुळून आलं.

दुसरं जग मळ्याचं, आणि तेच खरं तळकोकणाचं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. कुणगे हातभर रुंदीचे, पायऱ्यापायऱ्यांचे. लाकडी नांगर एका माणसाने खांद्यावर घेऊन जाण्याइतका हलका. शेवटच्या तासाला बैल वळवायला जागा नसते, तेव्हा नांगर्‍या जू उचलून जोडीला जवळजवळ जागच्या जागी फिरवतो, आणि मेर ओलांडून खालच्या कुणग्यात उतरवतो. इथे सहा फुटी बैल म्हणजे अडचण. मृगात नांगरणी, मग चिखलणी, फळी, लावणी. जिथे पाणी आहे तिथे थंडीत पुन्हा वायंगण, म्हणजे दुसरं भातपीक. कामाचे दिवस मोजकेच, पण भिजत, गारठत करायचे. बाकीचे महिने जनावर भरडावर आणि सड्यावर मोकाट चरणार. मे महिन्यात कातळावर गवताची काडी नसते. ‘घाटी बैल दिसाक बरो, पण मे म्हयन्यात तेका खावक काय घालतलंस?’ हा प्रश्न मी लहानपणी ओटीवर किती वेळा ऐकला असेल त्याला गणती नाही. विचारणाऱ्याला गुरांचं शास्त्र माहीत नव्हतं, पण पैदाशीचं धोरण म्हणतात ते नेमकं हेच.

सरकारी नजर मात्र वेगळी होती. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती कमिशनने १९२८च्या अहवालात एक फेरा मांडला: चारा कमी म्हणून जनावर निकृष्ट, निकृष्ट म्हणून जास्त संख्येने पाळायची, संख्या वाढली म्हणून चारा आणखी कमी. भातपट्ट्यांवर हे वर्णन चपखल बसतं, आणि ते खोटंही नाही. पण लहान अंग म्हणजे ऱ्हास, हे त्यामागचं गृहीतक मला अर्धंच पटतं. उपासमारीने जनावर खुरटतं हे खरं. त्याच उपासमारीत जे टिकतं, भिजून आजारी पडत नाही आणि पेंढ्यावर काम देतं, ते निवडलेलंही असतं. माणसाने वही घेऊन निवडलं नाही, पावसाने निवडलं. याच मुंबई इलाख्यात १८९९-१९००च्या ‘छप्पन्न’च्या दुष्काळानंतर गुजरातेतल्या छारोडीला कांकरेज गुरं वाचवायला सरकारी प्रक्षेत्र निघालं. कांकरेज उंच, देखणा, लांब पल्ल्याचा. त्याला गिऱ्हाईक होतं. कोकणातल्या बुटक्या बैलाला घाटावर कुणी विचारत नव्हतं, म्हणून त्याचं नावही कुणी ठेवलं नाही. वही गिऱ्हाइकाच्या मागून येते म्हणालो ते इथे उलट्या बाजूने खरं ठरलं.

मुंबई सरकारने १९३३ला पशुधन सुधारणा कायदा केला. परवाना असलेलाच वळू राहील, बाकीच्यांचं खच्चीकरण, असा त्याचा गाभा. १९३६ला हेच लिनलिथगो व्हाइसरॉय होऊन आले आणि त्यांनी धनिकांना जातिवंत वळू दान करायची हाक दिली. कागदावर उत्तम. पण गावठी कळपाची खरी गोम या दोन्ही उपायांना दिसली नाही, आणि ती ओढीच्या बैलाबाबत सगळीकडेच असते. ज्या खोंडाचं वशिंड भरदार, छाती रुंद, पाऊल चटपटीत, त्याला मालक जोताला धरायचं ठरवतो आणि खच्चीचा चिमटा लावतो. वळू म्हणून कोण उरतं? जे नजरेत भरलं नाही ते, नाहीतर सोडगुरांत सुटून रानोमाळ फिरलं ते. उत्तम कामकऱ्याचं रक्त पुढे जात नाही आणि सटरफटर जातं. शायरच्या मुलखात उत्तम नर घोडा पैदाशीसाठी राखून फिरवत, म्हणून तिथे उत्तम रक्त पुढे जात राहिलं. आपल्याकडे त्याला एकच जुना उतारा होता: देवाच्या नावाने सोडलेला वळू. त्याला कुणी जुंपत नसे, शेतात शिरला तरी हाकलण्यापलीकडे काही करत नसत. ज्या गावाने असा चांगला खोंड देवाला दिला त्या गावची गुरं दहा वर्षांत सुधारत. हा प्रकार श्रद्धेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा दुधाचा. कृत्रिम रेतन आलं, जर्सी-होल्स्टिनचा संकर आला, आणि काही ठिकाणी त्याने दूध वाढवलंही. पण संकरित पाड्याला वशिंड जेमतेम. आपलं जू मानेवर बसतं ते वशिंडाच्या पुढ्यात, ओढताना मागे टेकतं ते त्यालाच. वशिंडच नसेल तर जू घसरतं आणि खांदा सोलतो. शिवाय श्रावणातल्या उन्हाच्या तिरीपीला हे जनावर जीभ बाहेर काढून उभं. त्यामुळे संकरित गाय दुधाला आणि तिचा पाडा कुणाच्याच उपयोगाचा नाही, असं नवंच त्रांगडं गोठ्यात आलं.

या सगळ्यानंतर २०१८ साली गावठी गुरांना नाव मिळालं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या मंडळींनी पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतची गुरं मोजली, त्यांची अंगं, रंग, शिंगं, दूध नोंदवलं, आणि कर्नालच्या ब्यूरोने ‘कोकण कपिला’ ही जात नोंदली. दोन वर्षांनी गोव्याच्या पांढऱ्या गुरांना ‘श्वेत कपिला’ म्हणून मान्यता मिळाली. काम मोलाचं आहे, त्यात दुमत नाही. वर्णनातही स्पष्ट म्हटलं आहे की ही गुरं मुख्यतः भातशेतीच्या ओढकामाची; दूध दिवसाला दोन-अडीच लिटरांच्या आसपास. गावात मात्र अजून कुणी ‘कपिला’ म्हणत नाही. गावठीच म्हणतात, आणि सरकारी फॉर्मवरही बऱ्याचदा तेच लिहून येतात.

पण नोंदणी जातीची झाली, जनावराची नाही. जातीची नोंद म्हणजे ‘अशी गुरं अस्तित्वात आहेत’ एवढा दाखला. वंशावळ म्हणजे या पाड्याचा बाप अमुक वाडीतला, त्याने अमुक वर्षं जोत ओढलं, त्याच्या भावंडांना लाळ्या-खुरकूत झाला की नाही. ती वही आजही कोरी आहे. आणि नाव मिळालं ते नेमकं काम संपत आल्यावर. पॉवर टिलर वाडीवाडीत पोहोचला. जिथे तो कुणग्यात उतरत नाही तिथे जमीनच पड राहिली किंवा काजू लागला. २०१५पासून राज्यात बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. कायद्याच्या बऱ्यावाईटात शिरण्याची ही जागा नाही, पण त्याने म्हाताऱ्या बैलाची किंमत शून्यावर आणली आणि नवा पाडा वाढवण्याचं कारण आणखी एक कमी केलं, हे बाजारात उभं राहिलं की दिसतं. रात्री मुंबई-गोवा महामार्गावर बसलेली गुरं पाहा. त्यांत पाडे किती ते मोजा.

अशा वेळी गावठी नराला भाव उरला आहे तो नांगरणी स्पर्धेत. २०१४ ते २०२१ बैलांच्या शर्यतींवर बंदी होती, १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून स्पर्धांना जोर आला आहे. मला यात थोडी भीतीही वाटते. स्पर्धा वेग मागते, मळा दम मागतो. वेगासाठी निवडत गेलं की गावठी गटातही हळूहळू घाटी रक्त शिरणार, आणि टेबलावरच्या माणसाला बैलाकडे दोनदा बघावं लागणार. तरीही सत्य हेच की ‘गावठी’ असा वेगळा रकाना ठेवून, त्यासाठी रोख पैसे मोजणारी दुसरी जागा आज नाही. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी त्या रकान्याशेजारी आणखी दोन छापावेत: आई कुणाच्या गोठ्यातली, बाप कुठला. पाच पावसाळ्यांत हाताशी येईल ती खरी वंशावळ, आणि तिला सरकारी खर्चही नाही.

दुसरं काम गुरांच्या दवाखान्याचं. कोकण कपिलाच्या चांगल्या वळूंचं वीर्य साठवायचं तर आधी चांगले वळू शिल्लक हवेत. त्यासाठी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरची मोजकी जनावरं पुरणार नाहीत. ती वाडीवाडीतूनच यायला हवीत. सरकारने वळू पाळणाऱ्याला वर्षाच्या पेंढ्याचे पैसे दिले तरी दहा ठिकाणी ते जमेल.

दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही गोठा झाडाल, गुरांना झेंडूच्या माळा घालाल, पोळे खायला द्याल. त्या दिवशी गोठ्यात एखादा तांबूस, भरल्या वशिंडाचा गावठी खोंड उभा असेल, तर चिमटा लावायची घाई करू नका. आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा, आईबापाचं नाव एका कागदावर लिहून ठेवा, आणि एक हंगाम त्याला तसाच राहू द्या.